चुंबळीच्या दोन गाठी

मे महिन्यात मराठवाड्यात गेलेलं माणूस परत येतं ते एकतर आजारी पडून नाहीतर शहाणं होऊन, असं आमचे हे मला स्टेशनवर सोडायला आले तेव्हा म्हणाले होते. आजारी मी पडले नाही. परत आल्यापासून शेजारीपाजारी विचारताहेत, "काय मग, वेरूळ पाहिलंत की नाही? अजिंठा तरी?" काय सांगू त्यांना? दोन आठवडे पुण्याबाहेर राहून मी एक वेस आणि एक हापसा पाहून आले. आणि खरं सांगते, लेणी राहिली याची मला काडीची चुटपुट नाही.

जाण्याचं निमित्त असं. दुष्काळ सरल्यावर परदेशातली एक संस्था त्या भागात गावोगाव जमिनीत भोकं पाडून हातपंप बसवून देत होती. त्यांचा इंजिनियर यान नावाचा डच माणूस. उंच, लालबुंद, तिशीतला, आणि मराठीच्या नावानं शंख. दुभाषा हवा होता. आमच्या मुख्याध्यापिकाबाईंच्या ओळखीतून निरोप फिरत फिरत माझ्यापर्यंत आला. बावीस वर्षं मी शाळेत इंग्रजी शिकवते आहे, सुट्टी होतीच. "दोघांच्या मध्ये तोंड घालायचं काम आहे म्हणजे," हे म्हणाले, "तुला काही शिकून जावं लागणार नाही."

तेव्हा मी हसले होते. आता तितकंसं हसू येत नाही.

जालन्याहून पुढे

मनमाडला गाडी बदलून जालन्याला पोचले. तिथून यानसाहेबाबरोबर जीप. चालवणारे गफूरभाई, जालन्याचेच, पन्नाशीचे, दाढीला मेंदी लावलेले. त्यांची बोली म्हणजे निम्मी मराठी, निम्मी हिंदी, आणि मधेमधे जीपशी बोलायची तिसरीच भाषा.

अंबड मागे पडलं आणि जीपचं पाणी उकळायला लागलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापसाच्या पऱ्हाटीची वाळकी खुंटं, काळ्या जमिनीला हातभर रुंद भेगा, सावलीला एक बाभूळ. "गरम हुई," गफूरभाई म्हणाले, "दम घेऊ द्या तिला, बाई. जल्दी का काम शैतान का."

शेतातल्या एका झोपडीतून म्हातारीनं तांब्याभर पाणी आणून दिलं. गफूरभाईंनी अर्धं जीपला पाजलं आणि अर्धं परत केलं. म्हातारी म्हणाली, "राहू द्या की." गफूरभाई म्हणाले, "नको, आई, इतकं बस हाय." पुण्यात आमच्या नळाखाली बादली भरून वाहते आणि आम्ही आतून ओरडतो, कुणीतरी बंद करा रे! त्या अर्ध्या तांब्यानं मला जी चपराक बसली ती बसली.

यानसाहेब वाटेत मला आपल्या कामाची रीत समजावत होता. पूर्वी साहेब लोक जागा ठरवायचे आणि मोकळे व्हायचे. आता तसं नाही. जागा गाव ठरवणार, ओटा बांधायला श्रमदान गाव करणार, पंपाची देखभाल गाव करणार. त्याच्या छापील कागदावर यासाठी एक वेगळा रकानाच होता. "लोकांनी बोलायचं, तुम्ही सांगायचं, मी लिहायचं," तो म्हणाला. किती सोपं!

घनसावंगीला बशीतून चहा पिऊन कुंभार पिंपळगावला पोचलो तो बाजाराचा दिवस. मिरच्यांचे ढीग, माठांच्या उतरंडी, बांगड्या भरून घेणाऱ्या बायका. आणि बाजाराच्या कडेला संस्थेची जमीन खोदायची गाडी उभी. मोठा थोरला ट्रक, पाठीवर लोखंडी मनोरा आडवा झोपवलेला. तिथलं खोदकाम संपलं होतं आणि गाडीवरची माणसं चहाला गेली होती.

गाडीपुढे एक बाई उभी होती. चाळिशीची असेल, हिरवं लुगडं, काटक. तिनं डोक्यावरची चुंबळ काढली. चुंबळ म्हणजे घागरीखाली ठेवायचं जुन्या लुगड्याचं वेटोळं. ते तिनं सगळं उलगडलं, एक टोक गाडीच्या एका बाजूला दाबलं, कापड नाकाडावरून आडवं ताणत दुसऱ्या बाजूला नेलं, तिथं दातात धरून एक गाठ मारली आणि तीच गाठ कपाळाला लावली.

"काय करते आहे ती?" यानसाहेबानं विचारलं.

आता, मला ठाऊक नाही हे तीन शब्द बोलायची सवय मास्तरणीला नसते. मी म्हटलं, "पूजा करते आहे यंत्राची. आमच्याकडे नवीन यंत्र आलं की लोक त्याला नमस्कार करतात." साहेब हरखला. त्यानं झटकन फोटो काढला आणि वहीत टिपूनही घेतलं.

पाटलांकडे

आम्हाला जायचं होतं ते गाव तिथून तीन कोसांवर. नाव मुद्दामच लिहीत नाही. गावाला दगडी वेस आहे, छोटीशी पण देखणी. कमानीत डाव्या हाताला कोनाडा, कोनाड्यात शेंदरानं गुबगुबीत झालेला मारुती. वेशीच्या आत गाव, मधे देऊळ आणि पार, पारापुढे सरकारी विहीर. वेशीच्या बाहेर, ओढ्याच्या अंगाला, बौद्ध वस्ती. तिथली चिंच वेशीवरून दिसते.

उतरलो सरपंचांकडे. रंगनाथराव पाटील. भारदस्त माणूस, बोलणं हळू, पाहुण्याच्या ताटाकडे बारीक लक्ष. घर माळवदाचं, मातीच्या सपाट छताचं, आत पाऊल टाकलं की उन्हाचा विसर पडतो. आणि त्यांची बायको सुभद्राबाई! त्या बाईनं मला तीन दिवसांत जे खाऊ घातलं त्याची आठवण निघाली की अजून जिभेला पाणी सुटतं. चुलीवरची ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, अंबाडीची भाजी, वर कच्च्या तेलाची धार. यानसाहेबानं पहिल्या दिवशी ठेचा म्हणजे चटणी समजून चमच्यानं खाल्ला. पुढचा अर्धा तास तो माळवदाकडे बघत डोळे पुसत बसला आणि सुभद्राबाई दारामागं उभ्या राहून हसून हसून बेजार.

पाटलांनी संध्याकाळी आपली मोसंबीची बाग दाखवली. वाड्याच्या मागच्या अंगाला, गावकुसाला लागून. दुष्काळात त्यांनी प्रत्येक झाड बैलगाडीनं पाणी आणून जगवलं होतं. यंदा पहिल्यांदा बहर धरला होता. झाडांच्या पानांवरून हात फिरवत म्हणाले, "लेकराला पाजलं न्हाई, बाई, पर ह्यांना पाजलं." बोलताना त्यांचा आवाज बदलला, आणि मला तो माणूस फार आवडला.

सकाळी सुभद्राबाईंबरोबर विहिरीवर गेले. पाणी खोल गेलेलं. विहिरीला पायऱ्यांचा ओटा आहे. गावातल्या बायका ओट्यावर चढून पाणी शेंदत होत्या. ओट्याच्या खाली, दहाएक पावलांवर, वस्तीतल्या आठ बायका घागरी घेऊन उभ्या. नुसत्या उभ्या. सुभद्राबाईंनी आपलं पाणी भरलं आणि मग पोहरा टाकून त्या बायकांच्या घागरी वरून ओतून भरायला लागल्या. एक, दोन, चार, सोळा. घाम निथळत होता.

"तुम्हीच का?" मी विचारलं.

"बाकीच्या करतात चालढकल. उन्हाळ्याच्या पाण्याला न्हाई म्हनू नये," त्या म्हणाल्या, आणि मला तळहात दाखवले. घट्टे पडले होते. "कायदा हाय, त्यांना कोनी अडवीत न्हाई म्हना. पर रीत ती रीत."

त्या तळहातांकडे बघून माझं मन भरून आलं. खाली उभ्या असलेल्या आठ जणींच्या पायांकडे मात्र माझं लक्ष गेलं नाही. त्यांच्यात बाजारातली ती हिरव्या लुगड्याची बाईही होती, हे दिसलं. डोक्यावर तीच चुंबळ.

यानसाहेब मागून आला. "त्या बायका का थांबल्यात?"

मला लाज वाटली. परक्या माणसापुढे आपल्या घरची लक्तरं कोण दाखवतं? मी म्हटलं, "रांग आहे."

पार

दुपार कलल्यावर पारावर सभा भरली. यानसाहेबानं आधीच गावात फिरून जमीन पाहिली होती आणि दोन ठिकाणी चुन्याच्या खुणा केल्या होत्या. एक देवळाच्या पटांगणात, दुसरी वेशीबाहेर चिंचेजवळ. पाणी दोन्हीकडे सारखंच लागेल, पंप एकच मिळेल, जागा गावानं ठरवावी, असं त्यानं सांगितलं आणि मी ते मराठीत सांगितलं. ज्यांना देवळाची जागा हवी त्यांनी हात वर करा.

कुणीच हात वर करेना. सगळे पाटलांकडे बघताहेत. तेवढ्यात टोपी जरा तिरकी झाली म्हणून त्यांनी ती सारखी करायला हात वर नेला, आणि पारावरचे सगळे हात फटाफट वर! पाटील दचकलेच. पण हात खाली घ्यायला आता उशीर झाला होता.

"सर्वानुमते," साहेबानं लिहिलं. छापील रकाना भरला.

तेव्हा पाराच्या खालून, उन्हातून, आवाज आला. "मला दोन गोष्टी सांगायच्या हायेत."

हिरवं लुगडं. कुणीतरी म्हणालं, अनुसया हाय, वस्तीतली, शेतात मजुरीला येती. पाटील म्हणाले, "बोल, अनुसया." अनुसयाबाई बोलल्या. मी जसंच्या तसं इथं देते आहे, कारण तिथं दिलं नाही.

"हिरीला आम्ही हात लावीत न्हाई. खाली उभं राह्यतो. मालकीणबाई वततात, त्यांचं भलं व्हवो. पर त्या म्हायेरी गेल्या, का दुखण्यानं पडल्या, तर आम्ही उनात उभ्याच्या उभ्या. मागल्या आठवड्यात माझी जाऊ दोन घागरीपायी दुपारपस्तोर उभी व्हती, आन् घरी लेकरू तापानं फणफणून राह्यलं व्हतं. दुस्काळात खडी फोडाया समदे गेल्तो, तव्हा टँकरचं पानी समद्यांनी एकाच पिपातून नेलं. कोन बाटलं? देवळापुढं हापसा बसला तर त्यो बी हिरीवानीच. आम्ही खाली उभ्या, आन् कोनीतरी हापसून देणार. ही एक गोष्ट."

त्यांनी वेशीकडे बोट केलं.

"दुसरी. ती गाडी येशीतून जात न्हाई. बाजारात मी मापून आल्ते." तिनं डोक्यावरची चुंबळ उलगडली. कापडाला दोन गाठी होत्या. "ही गाठ गाडीची. ही येशीची. येस एक वीत कमी पडती."

आणि सभा हसली. अशी हसली की विचारू नका! "चुंबळीनं मापलं म्हने!" "आता इंजिनेरची नोकरी द्या तिला!" पाटीलही हसले, वाईट मनानं नव्हे, पण हसले.

"काय म्हणाली?" साहेबानं विचारलं.

आता माझी पंचाईत बघा. मापाचं सांगायचं तर बाजारात ती पूजा करत नव्हती हे सांगावं लागणार. उभं राहण्याचं सांगायचं तर 'रांग आहे' हे खोटं होतं हे सांगावं लागणार. आणि सगळे हसत होते, म्हणजे त्यात काही नसणार, अशी मी माझ्याच मनाची समजूत घातली. पुण्याची मास्तरीण एका खेडवळ बाईपुढे तोंडघशी कशी पडेल?

मी म्हटलं, "तिला पंप तिच्या घराजवळ हवा आहे."

साहेबानं समजूतदारपणे मान डोलावली आणि लिहिलं. तिचं एवढं मोठं बोलणं, आणि इंग्रजीत एक ओळ. अनुसयाबाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण लांबी कळत होती.

वेशीबाहेर

संध्याकाळी मीच वस्तीत गेले. का गेले, मला सांगता येणार नाही. चुकलेलं माणूस चुकीच्या आसपासच घुटमळत राहतं.

वस्ती म्हणजे वीसेक घरं. अनुसयाबाईंचं घर दोन खणांचं, जमीन नुकती सारवलेली, भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्याखाली घागरींची उतरंड, घासून लखलखीत. नवरा औरंगाबादला बांधकामावर. त्यांनी मला पाट दिला आणि लोटीभर पाणी पुढं केलं.

मी ते गटागट प्यायले असं लिहायला मला फार आवडलं असतं. पण मी क्षणभर थांबले. विचार करून नव्हे, हातच थांबला, लहानपणापासून शिकवलेला हात. मग प्यायले. त्यांनी थांबणं पाहिलं आणि पिणंही पाहिलं. गुळाचा कोरा चहा ठेवला. त्या लोटीभर पाण्यासाठी सकाळी त्या किती वेळ उभ्या होत्या, हे मला तेव्हा कुठं सुचलं.

चहा पिता पिता त्यांनी विचारलं, "बाई, म्या बोलले ते साहेबाला समदं सांगितलं का?"

आणि मी म्हटलं, "हो. सगळं."

"मंग बरं हाय," त्या म्हणाल्या. चेहरा असा मोकळा झाला! "साहेब शिकलेला हाय. उभं राह्यन्याचं न्हाई कळलं तरी मापाचं त्याला बराबर कळंल. म्हनून तर मापलं. आमचं दुखनं सांगून कोन ऐकतं, बाई? वीतभर कमी हाय म्हनलं तर ऐकावंच लागतं."

मी चहा तसाच टाकून उठले. वेशीतून परत येताना मारुतीकडे बघायचीसुद्धा चोरी झाली.

गाडी

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला गाडी आली. अख्खं गाव वेशीपाशी. हलगीवाला सांगितलेला, नारळ आणलेले, पाटील फेटा बांधून पुढं. अनुसयाबाई वस्तीतल्या बायकांबरोबर ओढ्याच्या बाजूला उभ्या. ट्रक धुरळा उडवत वेशीपुढं आला, हळूहळू पुढं सरकला आणि खर्रर्र करून थांबला. गफूरभाईंनी पुढं होऊन डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं, जीभ चावली.

"न्हाई जात," ते म्हणाले. "बिलकुल न्हाई जात. वीतभर मार खाती."

हलगी थांबली.

साहेबाचा चेहरा जो लाल होता तो आणखी लाल झाला. गाडी दोन दिवसांसाठीच मिळाली होती, पुढं दुसरी गावं वाट बघत होती. "तीन दिवस मी इथं आहे," तो म्हणाला, "या एवढ्या माणसांतल्या एकानंही मला सांगितलं नाही?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले, मी मराठीत सांगेन म्हणून. समोर अनुसयाबाई. त्या रागावल्या नव्हत्या. नुसतं बघत होत्या, काल संध्याकाळी चहा देताना बघत होत्या तशाच.

शेवटी एकदाचं तोंड उघडलं. मी म्हटलं, "सांगितलं होतं. त्या बाईंनी सांगितलं होतं. मी तुम्हाला सांगितलं नाही."

आणि मग सगळं सांगितलं. बाजारातली पूजा नव्हती, मोजमाप होतं. विहिरीवर रांग नव्हती. आठ बायका दुसऱ्याच्या मर्जीची वाट बघत उभ्या असतात. जावेचं, तापलेल्या लेकराचं, दुष्काळातल्या पिपाचं, एकूण एक वाक्य. सांगता सांगता रडू आलं तर डोळ्यांना पदर लावला आणि पुढं सांगत राहिले. इंग्रजी न कळणारं गावही ऐकत उभं होतं. मी काय सांगते आहे ते त्यांना आधीच ठाऊक होतं ना!

यानसाहेबानं वही काढली, बाजाराचं पान उघडलं आणि 'पूजा' या शब्दावर रेघ मारली. 'सर्वानुमते' वरही मारली. "चूक तुमची एकटीची नाही," तो मला म्हणाला. "मी पाटलांच्या घरी जेवलो, पाटलांच्या पारावर बसलो आणि गावाला विचारलं असं लिहिलं." तो चालत ओढ्याकडे गेला, अनुसयाबाईंपुढे उभा राहिला आणि म्हणाला, माफ करा. हे वाक्य मी एक अक्षर न गाळता मराठीत सांगितलं. अनुसयाबाई गोंधळल्या. म्हणाल्या, "माफी कामून? गाठी बघा." आणि चुंबळ त्याच्या हातात दिली. त्यानं आपला टेप काढून दोन्ही गाठी मोजल्या, ट्रक मोजला, वेस मोजली. गाठी तंतोतंत होत्या.

पारावरच्या मंडळींत चुळबुळ सुरू झाली. एक तरणा गडी म्हणाला, वेस पाडा. म्हातारे त्याच्यावर असे धावून गेले की बिचारा गफूरभाईंच्या मागं लपला. मारुतीची वेस पाडणार? दुसरा एक जण वाट सुचवू लागला: गावकुसाला मागून खिंडार पाडा, पाटलांच्या मोसंबीतून गाडी आत घ्या. दोन ओळी झाडं जातील, बस.

सगळे पाटलांकडे बघायला लागले. पुन्हा तेच! मी मनात म्हटलं, आता ह्या माणसानं नुसता फेटा सारखा केला तरी झाडं जातील आणि अनुसयाबाईंचा हापसाही जाईल.

पाटलांनी हात खालीच ठेवले. मोसंबीच्या बाजूला पाहिलं, मग ओढ्याच्या बाजूला. "काल ती सांगत व्हती," ते सावकाश म्हणाले, "आन् आपन हसलो. मीबी हसलो." मग आवाज चढवून, "अनुसया, चिंचंपाशी हापसा झाला तर गावातल्या बायांनी यावं का न्हाई?"

आता सगळं गाव अनुसयाबाईंकडे बघत होतं. पहिल्यांदाच, असं मला वाटतं.

"पानी समद्यांचं," त्या म्हणाल्या. "पर एक हाय, पाटील. तिथं कोनी कोनाला वतून द्यायचं न्हाई. ज्यानं त्यानं हापसायचं."

पाटलांनी मान डोलावली. झाडांचा लोभ होता की अनुसयाबाईंचा मान, कुणास ठाऊक. दोन्ही असेल. माणूस एकाच कारणानं चांगला वागतो असं थोडंच आहे? ते ट्रकवाल्याला म्हणाले, "घ्या मागं. चिंचंकडं घ्या."

हलगी पुन्हा सुरू झाली. दिवसभर काळ्या दगडाचं पीठ उडत राहिलं, आमच्या भुवया पांढऱ्या झाल्या. दुसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला गढूळ पाण्याचा फवारा चिंचेच्या शेंड्याएवढा उडाला. यानसाहेब भिजला, गफूरभाई भिजले, पाटलांचा फेटा भिजला. ओटा बांधायला वेशीच्या आतली आणि बाहेरची माणसं एकत्र आली, एकाच पाटीनं वाळू वाहिली. मी हे डोळ्यांनी पाहिलं म्हणून लिहिते, नाहीतर माझाही विश्वास बसला नसता.

परतीच्या वाटेवर

पुढची दोन गावं करून आठवड्यानं जालन्याकडे परत निघालो. मी म्हटलं, "गफूरभाई, वाट वाकडी करा." ते म्हणाले, "म्हणायची गरजच न्हाई," आणि जीप ओढ्याकडे वळवली.

हापसा चालू झाला होता. ओटा वाळून घट्ट झालेला. वस्तीतल्या दोघी-तिघी पाणी भरत होत्या. गावातून अजून कुणी येत नव्हतं. अनुसयाबाई म्हणाल्या, "लाजत्यात. येतील." मी स्वतः हापसलं, ओंजळीनं प्यायले. या वेळी हात थांबला नाही. त्यांनी तेही पाहिलं, आणि हसल्या.

तेवढ्यात वेशीतून एक बाई येताना दिसली. सुभद्राबाई. एकट्या, कमरेवर घागर. चिंचेपर्यंत आल्या आणि थबकल्या. ओट्यापासून दहाएक पावलांवर. घागर घेऊन नुसत्या उभ्या राहिल्या. पुढं व्हावं का, दांड्याला हात लावावा का, कुणी बोलावल्याशिवाय यावं का, काही कळेना त्यांना. कपाळावर घाम आला होता.

अनुसयाबाईंच्या हातात दांडा होता. इतकी वर्षं खाली उभ्या राहिलेल्या बाईच्या हातात! एक टोचरा शब्द टाकला असता तर पाटलीणबाई उन्हात उभ्याच राहिल्या असत्या. नाहीतर प्रेमानं पुढं होऊन त्यांची घागर भरून देता आली असती, तेही शोभून दिसलं असतं.

अनुसयाबाईंनी दोन्ही केलं नाही. आपली घागर उचलली, चुंबळीवर ठेवली, दोन गाठींसकट, आणि ओट्यावरून बाजूला झाल्या.

"या, मालकीणबाई. दांडा मोकळा हाय."

सुभद्राबाई पुढं आल्या. दांडा हातात घेतला, एकदा दाबला, दोनदा दाबला. पाणी आलं. घागर भरत आली तेव्हा त्यांनी आपले घट्टे पडलेले तळहात पाहिले आणि त्यांना एकदम हसू फुटलं.

"माझे हात सुटले गं, अनुसया. वतून वतून दुखून यायचे."

"आन् आमचे पाय," अनुसयाबाई म्हणाल्या.